प्रवाळ कापून जुने भूकंप आणि समुद्राची पातळी कशी वाचायची

भूकंपाचा इतिहास शोधायचा म्हटलं की लोक आधी जुनी कागदपत्रं काढतात, पण इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यासारख्या ठिकाणी ती कागदपत्रं काही शतकांपलीकडे जात नाहीत आणि भूकंपमापक यंत्रं तर अगदी कालची. एखाद्या ठिकाणी मोठा भूकंप दोन-दोनशे वर्षांनी येत असेल तर एवढ्याशा नोंदीवरून काय बोलणार? तिथे प्रवाळ कामाला येतं. केरी सीह, डॅनी हिलमन नताविजाया, एरन मेल्ट्झनर वगैरे भूगर्भशास्त्रज्ञ मंडळींनी सुमात्राच्या पश्चिमेच्या मेंतावाई, नियास, सिमेलुए या बेटांवर वर्षानुवर्षं हेच काम केलंय आणि तिथला सातशे वर्षांचा हिशोब बऱ्यापैकी लावलाय. ते नक्की कसं करतात ते इथे लिहितोय, भूगर्भशास्त्र शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि बाकीच्यांना निदान पेपरातली बातमी वाचताना कळेल की हे आकडे येतात कुठून.

आधी मुद्द्याची गोष्ट. प्रवाळ भूकंप नोंदवत नाही. ते फक्त एवढंच नोंदवतं की पाणी माझ्या डोक्यावरून किती खाली गेलं. भूकंप हा आपण काढलेला अर्थ. हे डोक्यात पक्कं नसेल तर प्रत्येक रेघेत भूकंप दिसायला लागतो, आणि तसे दाखवणारे कमी नाहीत.

मायक्रोअ‍ॅटॉल म्हणजे काय

पोराइटीस जातीचं प्रवाळ उथळ पाण्यात गोल डोक्यासारखं वाढतं, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. वाढत वाढत ते अशा उंचीला येतं की मोठ्या ओहोटीला त्याचा माथा उघडा पडतो, उन्हात तापतो आणि वरचे जीव मरतात. खालचे, बाजूचे जिवंतच असतात. मग ते वर न जाता आडवं वाढत राहतं आणि काही वर्षांत सपाट माथ्याची गोल चकती तयार होते, बाहेरची कड जिवंत आणि मधला भाग मेलेला. हीच मायक्रोअ‍ॅटॉल. काही एक-दोन मीटर रुंद असतात, काही त्याहून बऱ्याच मोठ्या.

जिवंत कड जास्तीत जास्त जिथवर टिकू शकते त्या उंचीला एचएलएस (हायेस्ट लेव्हल ऑफ सर्व्हायव्हल) म्हणतात आणि ही उंची वर्षातल्या सगळ्यात खालच्या ओहोटीशी बांधलेली असते. माथ्यावरचा भाग असा मरण्याला डाय-डाउन. हे दोन शब्द आले की अर्धं काम समजलं.

आता जमीन हळूहळू खचत असेल तर प्रवाळाच्या दृष्टीने पाणी चढतंय, म्हणजे वर वाढायला जागा मिळाली, मग बाहेरची प्रत्येक कडी आतल्यापेक्षा थोडी उंच होते आणि चकती मध्ये खोलगट, कडेला उंच अशी दिसते. उलट जमीन अचानक वर आली तर वरचा मोठा पट्टा एकदम मरतो आणि उरलेली खालची कड नव्या, खालच्या पातळीवर बाहेर वाढत जाते, तिला टोपीचा आकार येतो, मध्ये उंचवटा आणि भोवती खाली झालर.

सुमात्रात हे दोन्ही एकाच चकतीत का दिसतं? समुद्राच्या बाजूची प्लेट वर्षाला चार-पाच सेंटिमीटर वेगाने सुमात्राखाली घुसतेय आणि मधला सांधा अडकलेला आहे. अडकलेला असताना वरची प्लेट खाली ओढली जाते, बेटं वर्षाला काही मिलिमीटर खचत राहतात, काही ठिकाणी सेंटिमीटरच्या आसपास. सांधा सुटला की हीच बेटं क्षणात वर येतात. २८ मार्च २००५ च्या नियासच्या भूकंपात (तीव्रता ८.६) काही जागा जवळजवळ तीन मीटर वर आल्या, किनाऱ्याचे रीफच्या रीफ (प्रवाळाचे खडक) कोरडे पडले. त्याआधी तीन महिने, २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीवाल्या भूकंपात, उत्तर सिमेलुए दीड मीटरपर्यंत वर आलं होतं.

जागा निवडणं

निम्मे घोटाळे इथेच होतात.

पहिलं बघायचं ते साठलेलं पाणी. रीफवर कधीकधी वाळूचा, दगडगोट्यांचा बांध तयार होतो आणि त्याच्या आत ओहोटीलाही पाणी अडून राहतं. अशा डबक्यातलं प्रवाळ खऱ्या समुद्रपातळीपेक्षा उंच वाढतं, आणि बांध फुटला की पाणी उतरून एकदम मरतं. कापल्यावर हुबेहूब भूकंपासारखं दिसतं. तेव्हा समुद्राला मोकळा असलेला रीफ घ्यायचा, आणि पूर्ण ओहोटीला तिथे उभं राहून पाणी खरंच बाहेर वाहून जातंय का ते डोळ्यांनी बघायचं, नकाशावरून नाही.

दुसरं, चकती जागची हललीय का. वादळ किंवा सुनामी मोठमोठे गोळे उचलून फेकते. माथ्यावरच्या कड्या सगळ्या बाजूंनी एकाच उंचीला आहेत का ते लेव्हलने (सपाटी मोजायच्या उपकरणाने) मोजायचं. एक बाजू दुसरीपेक्षा वीस सेंटिमीटर खाली असेल तर चकती कललेली आहे. तिच्या खालची वाळू सरकली असेल किंवा ती उचलून टाकलेली असेल, आणि त्यावरून मिलिमीटरची गणितं करण्यात अर्थ नाही.

तिसरं, जात. गोनिअ‍ॅस्ट्रिया जातीचं प्रवाळ पोराइटीसपेक्षा काही सेंटिमीटर जास्त उंचीवर तग धरतं. एका ठिकाणी हे, दुसऱ्या ठिकाणी ते घेऊन थेट तुलना केली की नसलेला उठाव कागदावर येतो. एकच जात धरून चालायचं, नाहीतर त्याच रीफवर दोन्ही मोजून फरक काढायचा.

आणि एकावर समाधान मानायचं नाही. एकाच रीफवर एकाच काळातल्या निदान दोन-तीन, शिवाय जवळपासच्या दुसऱ्या जागांवरच्याही. हे पुढे परत येईलच.

ओहोटीची वेळ

हे काम अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच, त्या दिवसांत ओहोटी सगळ्यात खाली जाते. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब सवयीने तिकडे लावू नका, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. सुमात्रासाठी तिथल्या बंदराचे टाइड टेबल किंवा जागतिक टाइड मॉडेल लागतं. हातात दोन-तीन तास मिळतात, त्यात मोजणी आणि कापणी दोन्ही, तेव्हा आधी मोजणी. पाणी चढलं तरी कापता येतं पण पाण्याखाली लेव्हल धरता येत नाही.

मोजणी टोटल स्टेशननं (सर्व्हे करणारे वापरतात ते अंतर-उंची मोजायचं यंत्र) करतात. प्रत्येक चकतीच्या प्रत्येक कडीची उंची, मेलेल्या चकत्यांची, जिवंत चकत्यांच्या आताच्या एचएलएसची, त्या क्षणी पाणी कुठे आहे त्याची, आणि वेळ. शून्य म्हणून काय धरायचं? रीफवरच्या जिवंत प्रवाळाची आजची एचएलएस हाच सगळ्यात भरवशाचा शून्य, कारण जुन्या चकतीची आणि हिची मोजपट्टी एकच आहे. फक्त नुकताच भूकंप होऊन सगळं रीफ मेलं असेल तर ही सोय जाते, मग पाण्याची पातळी आणि टाइड मॉडेल यांच्यावर भिस्त.

कापणी

हायड्रॉलिक चेनसॉ, हिऱ्याचे दात असलेली साखळी, ही पाण्याखालीही चालते. चकतीच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत त्रिज्येच्या रेषेत एक उभी लादी काढायची. मध्य सुटला तर सुरुवातीची वर्षं गेली, बाहेरची कड सुटली तर मरणाचं वर्ष गेलं. लादी काढण्याआधी तिच्यावर आडवी रेषा कोरून ठेवायची, लेव्हलने. लॅबमध्ये ती टेबलावर पडली की वर कुठलं, आडवं कुठलं हे कोणाला सांगता येत नाही, आणि कल चुकला की सगळ्या उंच्या चुकल्या. लादी जड असते, प्रवासात तुटते, म्हणून तुकड्यांवर नंबर आणि जोडाच्या खुणा आधीच घालायच्या.

परवानगीचं इथेच सांगून टाकतो. भारतात रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्यावर दिसलं आणि उचललं असं करायचं नाही. निकोबारमध्ये तर आदिवासी राखीव क्षेत्राचा पास वेगळा. इंडोनेशियात सरकारची संशोधन परवानगी आणि तिथला सहकारी संशोधक लागतो. नमुना देशाबाहेर न्यायचा तर साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) चे कागद. या सगळ्यात महिने जातात, ओहोटीचं वेळापत्रक बघण्याआधी हे सुरू करा.

लादी वाचणं

लादी एक सेंटिमीटरच्या आसपास पातळ करून एक्स-रे काढतात. त्यात गडद-फिकट पट्टे दिसतात, एक जोडी म्हणजे एक वर्ष. पारदर्शक कागद टाकून प्रत्येक वर्षाची रेघ हाताने गिरवायची (हल्ली स्क्रीनवर करतात, पण हाताने केलं की नजर बसते असं माझं मत). वर्षाची रेघ वरपर्यंत सलग, गोलाई धरून गेली असेल तर त्या वर्षी प्रवाळाला वरची मर्यादा लागलीच नव्हती, मोकळी वाढ. रेघ मध्येच तुटली असेल आणि पुढच्या वर्षाची रेघ त्या तुटल्या जागेच्या खालून निघून वर वळली असेल तर ते डाय-डाउन.

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा लादीत ४२ वर्षं अशी आहेत की एचएलएस वर्षाला सरासरी ६ मिलिमीटर चढलीय, म्हणजे एकूण २५ सेंटिमीटर, हळूहळू, कडी-कडीने. इथवर जमीन खचतेय. मग एका वर्षी माथ्यापासून ६० सेंटिमीटरचा पट्टा एकदम मेलाय. त्याखालची कड मात्र जगली आणि नव्या पातळीवरून परत चढायला लागली, ३६ वर्षं, तोच वेग, साधारण २२ सेंटिमीटर. आणि मग पुढे काहीच नाही, चकती संपूर्ण मेली. पहिल्या घटनेचा उठाव ६० सेंटिमीटर असं सांगता येतं कारण खाली जिवंत कड उरली, तिने नवी पातळी दाखवली. दुसऱ्या घटनेत काही उरलंच नाही. त्या वेळच्या जिवंत कडेपासून तळापर्यंत ११० सेंटिमीटर असतील तर उठाव किमान ११०, वर कितीही. ‘किमान’ हा शब्द लिहायला विसरायचं नाही. नेमका आकडा हवा तर त्याच रीफवर खोल पाण्यात वाढलेली, म्हणून वाचलेली दुसरी चकती शोधायची.

हे उदाहरण मी उगाच असं नाही घेतलं. मेंतावाईत १७९७ आणि १८३३ हे दोन मोठे भूकंप झाले आणि तिथल्या चकत्यांमध्ये ही जोडगोळी दिसते. प्रवाळांवरून काढलेला उठाव १७९७ मध्ये जास्तीत जास्त ०.८ मीटर आणि १८३३ मध्ये २.८ मीटर. या उठावाचा नकाशा बेटाबेटावर मांडून, सांधा कुठे आणि किती सरकला तर असा उठाव येईल याचं मॉडेल चालवून १८३३ ची तीव्रता ८.६ ते ८.९ निघाली.

बाहेरच्या कडेची झीज विसरू नका. पोपटमासे खरवडतात, शिंपले भोकं पाडतात, लाटा घासतात. शेवटचे पाच-दहा पट्टे गेलेले असू शकतात, म्हणजे बाहेरून दिसणारं शेवटचं वर्ष हे मरणाचं वर्ष असेलच असं नाही. लादीची कड कुठे कमीत कमी झिजलीय ते बघून हरवलेल्या पट्ट्यांचा अंदाज वेगळा लिहायचा.

वर्ष कसं ठरवायचं

जिवंत चकती असेल तर सोपं, बाहेरून आत मोजत जायचं. मेलेली असेल तर युरेनियम-थोरियम. प्रवाळ वाढताना समुद्रातलं युरेनियम सांगाड्यात घेतं, दहा लाखांत तीनेक भाग, थोरियम जवळजवळ घेतच नाही. मग युरेनियमपासून थोरियम-२३० हळूहळू तयार होतं, ते मोजलं की वय. दोनशे वर्षांच्या प्रवाळात हे थोरियम इतकं किरकोळ असतं की जुन्या पद्धतीने मोजताच यायचं नाही. १९८० च्या दशकात लॅरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरने (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) हे करून दाखवलं आणि वानुआतूमधल्या उठलेल्या प्रवाळांवर भूकंपांची वयं काढली, तिथून हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला. चांगला नमुना असेल तर चूक काही वर्षांचीच येते. कार्बन-१४ यात मागे पडतं, समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच ‘जुना’ असतो आणि ती दुरुस्ती करता करता दशकं इकडेतिकडे होतात.

नमुना मात्र स्वच्छ पाहिजे. चिखल, माती शिरली की बाहेरचं थोरियम आलं आणि वय फुगलं. प्रवाळाचा सांगाडा ज्या खनिजाचा असतो त्या मूळ अ‍ॅरागोनाइटचं बदलून कॅल्साइट झालेलं असेल तर तो तुकडा बाद. आणि एक युक्ती जी सगळे चांगले लोक करतात: एकाच लादीतून दोन-तीन ठिकाणचे नमुने पाठवायचे. पट्टे मोजून दोघांत ४० वर्षांचं अंतर असेल तर लॅबच्या वयांतही तेवढंच यायला हवं. आलं तर सगळ्यांची मिळून सरासरी काढून चूक आणखी कमी होते, नाही आलं तर कुठेतरी पट्टा चुकलाय नाहीतर नमुना घाण आहे, आधी ते शोधायचं. उत्तर सिमेलुएमध्ये अशाच कामातून १३९४, १४३० आणि १४५० च्या आसपासचे तीन उठाव बाहेर आले, चूक दोन-तीन वर्षांची. साठेक वर्षांत तीन. २००४ ला लोक म्हणत होते की इथे असं कधी झालंच नव्हतं.

भूकंप की आणखी काही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

समुद्र स्वतःही खाली जातो. हिंदी महासागरात पॉझिटिव्ह डायपोलच्या वर्षी (पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम, सुमात्राकडचं थंड) सुमात्राच्या बाजूची पातळी उतरते, १९९७ ला उतरली, आणि त्या बाजूच्या कित्येक चकत्यांत तेव्हाचा डाय-डाउन आहे. भूकंप काही नाही. चंद्राचं १८.६ वर्षांचं चक्र आहे, त्यात सगळ्यात खालची ओहोटी थोडी वर-खाली होते, म्हणून साधारण तेवढ्या अंतराने छोट्या कड्या येतात. आजारपण, गोडं पाणी, गाळ, याने मेलेलं प्रवाळही असतं, पण ते असं एका आडव्या रेषेत कापल्यासारखं मरत नाही, खालपासून वरपर्यंत कुठेही मरतं. ही रेषा बघायची सवय लावा.

मग चाळण अशी लावायची. डाय-डाउन पाच-दहा सेंटिमीटरचा आणि शेकडो किलोमीटरवरच्या सगळ्या बेटांवर त्याच वर्षी सारखाच असेल, आणि काही वर्षांत प्रवाळ परत जुन्या उंचीला आलं असेल, तर तो समुद्र. मोठा असेल, एका जागी जास्त आणि दुसरीकडे कमी-कमी होत गेलेला, आणि परत वर यायला अनेक दशकं लागली असतील, तर जमीन उठली. दहा-पंधरा सेंटिमीटरचा, एकाच जागी दिसणारा? काहीच म्हणायचं नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे.

जमीन खचली तर काय, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तिथे हे साधन लंगडं आहे. २००४ मध्ये ग्रेट निकोबारचं टोक चार मीटरहून जास्त खचलं, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. अशा ठिकाणचं प्रवाळ जगलंच तर फक्त एवढंच सांगेल की आता डोक्यावर भरपूर पाणी आहे, आणि वर्षाला सेंटिमीटरने चढत बसेल. वर पोचेपर्यंत मोकळी वाढ, म्हणजे किती खचलं, एकदम की हळूहळू, हे त्यात येत नाही. याउलट त्याच भूकंपात अंदमानच्या उत्तर आणि पश्चिम बाजूची बेटं वर आली, तिथली मेलेली रीफ वाचता येतात.

वेग बदलणं हीसुद्धा मोलाची नोंद आहे, ती लोक डाय-डाउनच्या नादात सोडतात. ऋषव मलिक, मेल्ट्झनर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की सिमेलुएच्या प्रवाळांत १८२९ च्या सुमारास खचण्याचा वेग अचानक वाढला आणि १८६१ च्या मोठ्या भूकंपापर्यंत तसाच राहिला. बत्तीस वर्षं चाललेली मंद सरक. यात एकही मोठा डाय-डाउन लागत नाही, फक्त कड्यांचा उतार बदलतो. म्हणून प्रत्येक लादीसाठी वर्ष विरुद्ध एचएलएस असा आलेख काढा आणि त्याला एकच सरळ रेषा ठोकून देऊ नका.

समुद्रपातळीच हवी असेल तर

तर उलटं करायचं, जमीन हलत नाही अशी जागा घ्यायची. इंडोनेशियातलंच बेलितुंग बेट, सुमात्राच्या पूर्वेला, त्या सांध्यापासून लांब. तिथल्या साडेसहा-पावणेसात हजार वर्षांपूर्वीच्या चकत्यांत समुद्र काही शतकांत अर्ध्या मीटरहून जास्त वर-खाली झाल्याचं मेल्ट्झनर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं. भूकंपाच्या जागी काम करतानाही विसाव्या शतकातली समुद्राची वाढ वजा करावी लागते, नाहीतर ती सगळी जमिनीच्या खचण्याच्या खात्यावर जाते. आपल्या किनाऱ्याबद्दल विचाराल तर विजयदुर्गसमोरच्या आंग्रे बँकेवर (समुद्रात बुडालेलं पठार) प्रवाळ झकास आहे पण ते खोल पाण्यात, ओहोटीला कधी उघडंच पडत नाही. या कामाला त्याचा उपयोग नाही.

घरबसल्या सुरुवात

बोट, करवत, परवाना काही नसताना करता येईल असं एक काम आहे, आणि २००४ नंतर खुद्द संशोधकांनीही हेच आधी केलं. भूकंपाआधीचं आणि नंतरचं उपग्रहाचं चित्र घ्यायचं, दोन्ही चित्रं टिपली त्या मिनिटाला तिथे भरती-ओहोटी किती होती ते टाइड मॉडेलमधून काढायचं. आधीच्या चित्रात पाणी खाली असूनही रीफ बुडालेलं, आणि नंतरच्या चित्रात पाणी जास्त असायला हवं तरी रीफ कोरडं, तर जमीन उठली, आणि किमान तितकी जितका दोन पातळ्यांत फरक. अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटाभोवती हे साध्या डोळ्यांनी दिसतं. तिथे जाण्याचा प्रश्नच नाही, कायद्याने बंदी आहे, त्यामुळे चित्रच एक मार्ग.

अ‍ॅस्टर या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची चित्रं २०१६ पासून सगळ्यांना फुकट आहेत, ती घ्या. लँडसॅट ७ या उपग्रहाचा स्कॅनर २००३ मध्येच बिघडला, त्याच्या चित्रांत काळे पट्टे येतात, नेमकं तुमचं बेट पट्ट्यात गेलेलं असतं. २००४ साठी सेंटिनेल-२ हा उपग्रह शोधत बसू नका, तो २०१५ ला वर गेला. आणि चित्राची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. अंदमानसाठी साडेपाच तास मिळवायचे, सिमेलुएसाठी सात. एवढं बघून मगच टाइड काढा, कारण दीड तासाच्या फरकाने ओहोटीची भरती होत नसली तरी तीस-चाळीस सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात आणि तुम्ही शोधताय तो उठावच कधीकधी तेवढा असतो.